झेब्लीच्या बाजारातल्या दोन साक्षी

ओडिल ऊलाईची जीभ फटकळ होती, आणि त्याचा तिला मुळीच पश्चात्ताप नव्हता. झेब्लीच्या बाजारात ती अचेके विकायची. कसाव्याचे कंद किसायचे, आंबवायचे, पिळून वाफवायचे, एवढी मरमर केल्यावर कुणी भाव पाडून मागितला की ती टोपलीवर फडकं ओढायची नि म्हणायची, "जा बाबा, घरी वाळू खा. तीही अशीच मोकळी असते." माणूस हसायचा आणि मुकाट्याने घ्यायचा. तिला लागून माफेरिमा बांबा मोठ्या कढईत मासे तळत बसायची. ती कमी बोलायची, पण बोलली की ऐकावं लागायचं. ओडिल इथल्याच गेरे लोकांपैकी, माफेरिमा ज्युला. तिचे सासरे कोकोच्या बागांत काम करायला उत्तरेकडून आले आणि इथलेच झाले. दोघींची मुलं एकमेकींच्या ओट्यावर झोपून वाढली. ओडिलचा नवरा बोनिफास शिंपी होता, आणि माफेरिमाच्या मुलाचा, लासिनेचा, शाळेचा पहिला गणवेश त्यानेच शिवला होता.

मग ती निवडणूक झाली. दूर अबिजान शहरात, जिथे सरकार बसतं, दोन माणसांनी राष्ट्राध्यक्षाच्या एकाच खुर्चीवर हक्क सांगितला, दोघांनीही शपथ घेतली, आणि त्याची किंमत झेब्लीने मोजली. आधी गेरे पोरांनी रस्त्यावर लाकडं, टायर टाकून नाके उभारले आणि उत्तरेकडची नावं ऐकून माणसं गाड्यांतून खाली उतरवली. लासिने अशाच एका नाक्यावर मेला. काही आठवड्यांनी उत्तरेची फौज गावात शिरली आणि तिने गेरे घरं एका टोकाकडून जाळत आणली. त्यात बोनिफास गेला. बाजारही जळाला.

पुढे बाजार पुन्हा भरू लागला तेव्हा तो एक राहिला नव्हता. चर्चच्या मागे गेरे बायका बसत, मशिदीच्या समोर ज्युला. ओडिल आणि माफेरिमा समोरासमोर आल्या की एकीला अचानक चपलेत खडा सापडायचा.

कित्येक वर्षांनी सरकारने समेटाचा कार्यक्रम ठेवला. शाळेच्या मैदानात मांडव, सगळ्यांना एकसारखे पांढरे सदरे, तांदळाची पोती, भाषणं. एक साहेब म्हणाले, आता क्षमा करा आणि पुढे चला. ओडिल उठून उभी राहिली.

"साहेब, करते की क्षमा. पण कुणाला करू? मागायला कुणी आलंच नाही. माझ्या नवऱ्याला मारणारा तिथे तुमच्या समोरच पाणी पितोय."

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे काळा चष्मा लावून फाबू बसला होता. लढाईत तो कमांडर होता; आता त्याचे कोको वाहायचे ट्रक होते आणि सगळे त्याला दादा म्हणत. तो हसला. "बाईचं दुःख मोठं आहे," तो म्हणाला, "पण पाहिलं कुणी?"

आयोजकांची धांदल उडाली. वातावरण निवळावं म्हणून त्यांनी घाईघाईने उभ्या असलेल्या ओडिललाच फोटोसाठी पुढे घेतलं आणि जोडीला एक ज्युला बाई बोलावली. गर्दीतून ढकलली गेलेली ज्युला बाई निघाली माफेरिमा. फोटोवाला म्हणाला, "गळाभेट घ्या, हसा जरा." दोघी ताठ उभ्या राहून एकमेकींना टेकल्या. माफेरिमाने ओडिलच्या कानात सांगितलं, "मी पाहिलं. बोनिफास माझ्या भिंतीवरून उडी मारून आला होता. माझ्याच घरातून ओढून नेलं त्याला."

ओडिलचे हात तिच्या पाठीवर घट्ट झाले. "आणि इतकी वर्षं गप्प?"

"तूही गप्पच आहेस. नाका तुझ्या दारासमोर होता, ओडिल. लासिनेला कुणी मारलं?"

फोटो निघाला. वर्तमानपत्रात छापलाही. त्यात दोघींचे डोळे मिटलेले आहेत आणि खाली लिहिलंय, समेटाचा आनंद.

ओडिलला माहीत होतं लासिनेला कुणी मारलं. तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, आर्सेनने. आई शेतात असताना तिने पाठीला बांधून वाढवलेला. तो लायबेरियात पळाला, वातावरण थंडावल्यावर परतला, लग्न केलं, कोको लावला. दर रविवारी चर्चला बहिणीच्या शेजारी बसायचा.

फोटोनंतर काही दिवस ओडिलचं कशात लक्ष लागेना. मग एका सकाळी ती टोपली न उचलता मशिदीसमोरच्या बाजारात गेली. मासे तळणाऱ्या बायका कढया सोडून बघू लागल्या. ओडिल माफेरिमासमोर पालथ्या डब्यावर बसली.

"मी तुझ्यासाठी साक्षीला उभी राहिले, तर तू माझ्यासाठी राहशील?"

"आधी नाव सांग," माफेरिमा म्हणाली.

"तुला माहीत आहे नाव."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

ओडिलने नाव सांगितलं. माफेरिमाने कढईखालचं लाकूड ओढून विस्तव कमी केला. मग म्हणाली, "माझं जिणं नकोसं करतील आमचेच लोक."

"माझं काय लाडू वाटून स्वागत करणारेत? माझी आई अजून जिवंत आहे, बाई."

तिथून गोष्ट वेगाने पुढे गेली. अबिजानहून एक तरुण वकीलबाई अशा प्रकरणांसाठी फिरत होती, तिने दोघींची जबानी घेतली. तिने स्पष्ट सांगितलं की हरलेल्या बाजूच्या माणसाला शिक्षा होणं सोपं आहे, जिंकलेल्या बाजूच्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. ओडिल म्हणाली, "मग दोघांना एकत्रच घेऊन जा. एकाला हात लावला की दुसऱ्यालाही लावावा लागेल."

बातमी फुटली. माफेरिमाच्या कढईत कुणी माती टाकली. तिच्या नणंदेने भर बाजारात विचारलं, "ज्यांनी लासिनेला मारलं त्यांच्यासाठी साक्ष देतेस? लाज आहे का काही?" माफेरिमा म्हणाली, "लासिनेसाठीच देतेय. तुला समजेल तेव्हा ये, मासा खाऊ घालीन."

आर्सेन बहिणीच्या घरी आला. दारातच उभा राहिला.

"ज्युला बाईसाठी भावाला तुरुंगात घालणार?"

"बस आधी. जेवलास?"

"ताई, तेव्हा युद्ध होतं. सगळेच करत होते."

"सगळे करत नव्हते. मी तुझा हात धरला होता, आठवतंय? माफेरिमाचा मुलगा आहे, सोड म्हणून. तू मला ढकललंस."

तो खाली बसला आणि रडू लागला. ओडिलने ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. "मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही," ती म्हणाली. "डबा आणीन, तुझ्या पोरांना बघीन. पण खोटं बोलणार नाही. तू स्वतः खरं बोललास तर माझ्यावरचं ओझं हलकं होईल, आणि तुझ्यावरचंही." तो ताट तसंच टाकून निघून गेला. त्यांच्या आईने त्या दिवसापासून ओडिलच्या हातचं पाणी घेणं बंद केलं.

खटला जिल्ह्याच्या गावी चालला. दोन्ही बाजारांतल्या बायका दोन वेगळ्या गाड्यांनी आल्या आणि न्यायालयात मधली वाट सोडून दोन बाजूंना बसल्या.

आधी ओडिलला बोलावलं. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण?

"भाऊ. सख्खा."

ज्युला बायकांच्या बाजूने हलका आवाज उठला. त्यांतल्या अनेकींना हे आजवर ठाऊकच नव्हतं. ओडिलने सगळं सांगितलं: नाका, लासिनेची मोटारसायकल, त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं तो क्षण, ढकलल्यावर गुडघा फुटला आणि ती उठायच्या आत गोळी सुटली. ती आर्सेनकडे बघूनच बोलली. तिचं संपल्यावर आर्सेन उभा राहिला. वकिलाने त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवून घेतली.

"ताई खरं सांगतेय," तो म्हणाला. "त्याने मला काका म्हणून हाक मारली होती. तरी मी मारलं." मग तो माफेरिमाकडे वळला. "तुमच्या मुलाला कुठे पुरलं ते दाखवतो. मला दुसरं काही देता येत नाही."

इतकी वर्षं माफेरिमाला मुलाची कबर माहीत नव्हती. तिने ओढणीने तोंड झाकलं. मधली वाट ओलांडून एक गेरे म्हातारी तिच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी माफेरिमाची पाळी. फाबू निवांत होता. तिने सांगितलं की बोनिफासला तिने तांदळाच्या पोत्यांमागे लपवलं, फाबू आला तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली, हा माझा पाहुणा आहे म्हणाली, आणि फाबूने बंदुकीच्या दस्त्याने तिचं मनगट मोडलं. तिने वाकडं मनगट वर धरलं. ते कशाने वाकडं झालं हे बाजारात कुणीच कधी विचारलं नव्हतं.

फाबूचा वकील उठला. "आपल्या मुलाला मारणाऱ्या जमातीचा माणूस तुम्ही लपवलात? कोण विश्वास ठेवील?"

"शिंप्याने माझ्या मुलाला मारलं नव्हतं," माफेरिमा म्हणाली. "शिंप्याने त्याचे शाळेचे कपडे शिवले होते."

वकील कागद चाळू लागला. तेवढ्यात ज्युलांच्या बाजूने तीच नणंद उठली आणि मोठ्याने म्हणाली, "मीही पाहिलंय. मी शेजारच्या अंगणात होते." तिच्यामागून आणखी एक उठली. न्यायाधीशांना टेबल वाजवून शांतता करावी लागली, मग त्यांनी एकेकीला रीतसर बोलावलं.

निकाल आला तेव्हा दोघेही दोषी ठरले. आर्सेनला कबुलीमुळे कमी वर्षं, फाबूला बरीच जास्त. शिपायाने बेड्या घालताना फाबूचा काळा चष्मा काढून घेतला. त्याचे डोळे बारीक आणि थकलेले होते, आणि एवढ्याशा माणसाला आपण इतकी वर्षं घाबरत होतो याचं ओडिलला नवल वाटलं. भावासाठी तिचा जीव तुटत होता. तरी अभिमानाने ऊर भरून येत होता, आणि ते तिने लपवलं नाही. बाहेर पायऱ्यांवर बायकांनी गाणं धरलं होतं, गेरेत सुरू झालेलं आणि ज्युलात उचललेलं. परतताना कोण कुठल्या गाडीत चढलं याचा कुणी विचारच केला नाही.

आर्सेनने दाखवलेल्या जागी लासिनेसाठी प्रार्थना झाली. फाबूला नेल्यावर भीती उरली नव्हती, म्हणून चर्चमध्ये बोनिफाससाठीही नाव घेऊन रीतसर प्रार्थना करता आली. ओडिलची आई त्या दिवशी आली, आणि लेकीच्या हातून पेला घेऊन पाणी प्याली. बोलली मात्र नाही. तिला आणखी वेळ हवा होता.

जुन्या जागी एकच बाजार भरवायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, अध्यक्षीण कोण? कुणीतरी मतदान म्हणालं आणि सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. झेब्लीत त्या शब्दाला अजून जळका वास येत होता.

"मी उभी राहते," ओडिल म्हणाली. "माझ्याविरुद्ध माफेरिमा. ज्यांना जी हवी तिच्यामागे उभं राहावं. भर उन्हात, सगळ्यांसमोर."

बायका उभ्या राहिल्या. काही गेरे माफेरिमाच्या मागे गेल्या, काही ज्युला ओडिलच्या. एकजण ओडिलला म्हणाली, "मावशी, रागावू नकोस, तू ओरडतेस फार." माफेरिमाची रांग लांबत लांबत पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. कुणी मोजायची गरजच नव्हती.

सगळ्यांचं लक्ष ओडिलकडे. ती चालत गेली, माफेरिमाचा वाकडा हात धरला आणि वर उचलला. "मी हरले," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "ही जिंकली. अबिजानला कळवा कुणीतरी, हे असं करतात."

हसण्याचा असा कल्लोळ उठला की मशिदीतले आणि चर्चमधले दोन्हीकडचे लोक बाहेर येऊन बघू लागले. माफेरिमाही हसत होती, डोळे पुसत. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या अध्यक्षीणबाईंपुढे पहिली तक्रार आली. गटार तुंबलंय, अजून साफ का झालं नाही, असं ओडिल ऊलाई कमरेवर हात ठेवून विचारत होती.