डाव्या खिशातले चिंचोके

मृणालचा फोन आला तेव्हा मी तिच्या बाबांनाच फोन लावत होते. आमच्या काउंटीच्या विकास आराखड्याचा मसुदा त्या सकाळी वेबसाइटवर आला होता आणि नकाशा मोठा करत करत मी आमच्या वसाहतीमागच्या भिंतीपर्यंत पोचले होते. भिंतीपलीकडच्या बंद गोदामांवरचा कारखान्यांचा जांभळा रंग गेला होता! आणि भिंतीला छेदून पलीकडे जाणारी ठिपक्यांची एक रेघ... पायवाट! मी खुर्चीतून उडालेच. नागपूरला दुपारचे अडीच वाजले असतील, काका जेवून आडवे झाले असतील, पण या बातमीसाठी उठवलं तर ते रागावणार नव्हते. एवढ्यात स्क्रीनवर मृणालचं नाव आलं. मी तिला बोलूच दिलं नाही. "मृणाल, रेघ आली!" मग ती म्हणाली, "प्राजू... बाबा गेले गं. पहाटे, झोपेतच."

त्याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल हळू आवाजात बोलायची रीत आहे, पण वामनकाकांबद्दल मला तसं बोलताच येत नाही. हा माणूस आठवला की मला अजूनही जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरावासा वाटतो.

मृणाल इथे परदेशात, टॅला नावाच्या आमच्या उपनगरातली माझी शेजारीण. तिचे बाबा नागपूरच्या नगररचना कार्यालयातून निवृत्त झालेले. २०२०च्या मार्चमध्ये लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाउनमुळे वर्षभर अडकले. इथे गाडी न चालवणारे पाहुणे आईवडील म्हणजे घरातल्या सोफ्यासारखे, ठेवू तिथे राहतात. काका राहणाऱ्यांतले नव्हते. घरापासून दोन किलोमीटरपर्यंत चालायची मुभा होती, तेवढी ते रोज वसूल करायचे. दूधब्रेडच्या दुकानाची पाटी त्यांच्या खोलीतून दिसायची, पण मध्ये भिंत आणि ती गोदामं, त्यामुळे वळसा घालून जावं लागायचं. तो वळसा त्यांनी मोजला. नातीला खेळ शिकवायला आणलेले चिंचोके कोटाच्या डाव्या खिशात, शंभर पावलं झाली की एक उजव्या खिशात. डावा खिसा म्हणजे चालायचं बाकी, उजवा म्हणजे चालून झालेलं. दुकानापर्यंत तेवीस चिंचोके लागले. "बाप्पा!" ते कुंपणावरून मला म्हणाले, "दुकान दिसून राहिलं, आतलं दूध दिसून राहिलं, अन् मी तेवीसशे पावलं चालून राहिलो. नकाशात पाहिलं, भिंत नसती तर दोनशे!"

त्या उन्हाळ्यात काउंटीने नव्या आराखड्यासाठी लोकांकडून सूचना मागवल्या आणि काकांना नोकरी पुन्हा मिळाल्यासारखं झालं. "चौतीस वर्षं मी लोकांच्या हरकती-सूचना घेतल्या, पोरी. आता माझी कोणीतरी घेणार!" गोदामांच्या जागी काय हवं ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. खाली दुकानं, वर घरं, मध्ये बाकं असलेला छोटा चौक, आणि रस्ता असा अरुंद की समोरून येणाऱ्याला ओळख द्यावीच लागेल. पण नियमावली वाचली तर पहिल्या फेरीत अमुक जमिनीचा वापर बदला, अशी मागणी चालत नव्हती. मी हिरमुसले. काका उलट खुलले. "मग मागायचंच नाही. पावलं सांगायची. पुढचं काय करायचं ते नगरसेवकांना सुचेल."

त्यांनी आमच्या मराठी ग्रुपवर सगळ्यांना बजावलं, की प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहा, एकमेकांचं उतरवू नका. का ते मला एकटीला सांगितलं. "एकसारख्या मजकुराच्या हरकती मी एका दोरीत बांधायचो अन् एक नंबर द्यायचो. वाचायचो वरची एक. खालच्या माणसांचं काय म्हणणं होतं, मला आजही माहीत नाही..." एवढंच एकदा त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला.

आणि मी काय केलं? शेवटच्या दिवशी कारखान्यातून दमून आले, काकांची सूचना उचलली, खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिली. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासते, तिथे कोणी असं उतरवलं तर त्याची खैर नसते. सूचना वेबसाइटवर सगळ्यांना दिसतात हे मला ठाऊक नव्हतं. काकांनी अर्थातच एकूण एक वाचल्या. दुसऱ्या आठवड्यात कुंपणावरून हाक आली, "काय आजोबा, गुडघे काय म्हणतात?" मी बहात्तर वर्षांची असून मला गाडी चालवता येत नाही आणि मी नातीला चालत फिरायला नेते, असं माझ्या नावाने जगजाहीर झालं होतं. तेव्हापासून मी त्यांची आजोबाच.

पुढच्या वर्षी काका नागपूरला परतले आणि उन्हाळ्यात नगरसेवकांची बैठक ऑनलाइन झाली. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप लावला, काका फोनवर. अधिकाऱ्यांचं मत विरुद्ध होतं, जमीन रोजगारासाठीच राहावी असं. मग एक नगरसेविका बोलू लागल्या. भिंतीतून वाट आणि पलीकडे चालता येईल अशी जुन्या वळणाची वस्ती हवी, हा ठराव त्यांचा. कागद समोर धरून त्या म्हणाल्या, "आपल्याकडे दोन निवृत्त आजोबांनी लिहिलं आहे. दोघांनाही गाडी येत नाही, दोघंही एका दुधाच्या पिशवीसाठी तेवीसशे पावलं चालतात." फोनमध्ये काका ठसका लागेपर्यंत हसले. मी तोंडात ओढणी कोंबली. मतदान झालं... थोडक्यात, पण ठराव मंजूर! आम्ही दोघं दोन देशांत ओरडलो. मग ते एकदम कार्यालयातल्या आवाजात म्हणाले, "मी पुष्कळ रस्ते कागदावरच मेलेले पाहिले. मसुद्यावर पुन्हा सूचना मागवतील. तेव्हा तू लिही, तुझ्या पावलांचं."

"नक्की लिहीन, काका."

"नक्की नको म्हणू. आधी चालून ये."

ते आमचं शेवटचं बोलणं. दोन आठवड्यांनी रेघ आली आणि काका गेले.

सूचनांची मुदत संपत आली तेव्हा मृणालने तिच्या जिन्याखालच्या कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, काकांचा कोट काढून दिला. नागपूरच्या उन्हात काय करायचा, म्हणून ते ठेवून गेले होते. मला तो गुडघ्यापर्यंत येतो. तो घालून मी पहिल्यांदाच त्या दुकानात चालत गेले. इतकी वर्षं मी दुधालासुद्धा गाडी काढत आले आहे. दोनदा मोजणी चुकली, दोनदा परत मागे आले. माझी पावलं लहान, सव्वीसशे भरली. परतताना भिंतीपाशी हात खिशात घातले. उजवा खिसा रिकामा होता. डाव्यात दोन चिंचोके होते. राहून गेले असतील, म्हणून मी ते उजव्यात टाकायला निघाले, आणि हात थांबला. दोन म्हणजे दोनशे पावलं. या भिंतीतून दुकानापर्यंतची.

तिथेच उभी राहून मी रडले, आणि खरं सांगते, हसलेही. घरी जाऊन एका बैठकीत सूचना लिहिली. पहिलं वाक्य होतं, 'मी छत्तीस वर्षांची आहे आणि गेल्या वेळी मी दुसऱ्याचं उतरवलं होतं.' मग सव्वीसशे पावलांचं लिहिलं. भिंत अजून उभी आहे. कोट माझ्या दारामागे आहे आणि चिंचोके मी डाव्या खिशातच ठेवले आहेत.