उजव्या पायाचा गिअर

नोटीस कॅन्टीनच्या दारावर लागली, कारण सूचना फलकावर रक्तदानाचं गेल्या वर्षीचं पत्रक अजून कुणी काढलं नव्हतं. तात्याने ती चहाचा कप हातात धरूनच वाचली. थोरल्या कंपनीने धाकटीची मोटरसायकल कायमची बंद करायचं ठरवलं होतं. शेवटची गाडी तीन महिन्यांनी निघणार होती. खाली सही होती, तीही छापलेली.

बारा वर्षांपूर्वी थोरलीने धाकटी कंपनी विकत घेऊन तिला पदरात घेतलं, तेव्हाच वकील म्हणाला होता, "पदरात घेणारी कधीतरी पदर झटकतेच." वकील म्हणजे तात्याचाच जोडीदार, तोही चाचणीला गाड्या चालवायचा. प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून त्याला ते नाव पडलं होतं, आणि या वेळी तो जिंकला होता.

धाकटीच्या गाडीच्या टाकीवर पंख पसरलेला पक्षी असे, त्यामुळे कारखान्यात सगळे तिला पाखरू म्हणत. एकतीस वर्षं तात्याने दुसरं काही केलं नव्हतं. जुळणी होऊन खाली उतरलेलं पाखरू घ्यायचं, शेडमागच्या वाटोळ्या रस्त्यावर तीन फेऱ्या मारायच्या, चेन कुरकुरते का, हँडल ओढतं का, ब्रेक कुठे लागतो ते बघायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. दिवसाला वीस-बावीस गाड्या. रस्ता तोच, वळणं तीच. आपण इतकी वर्षं प्रवास केला की नुसतेच फिरलो, असा प्रश्न त्याला कधीकधी पडायचा आणि पुढची गाडी आली की विरून जायचा.

पाखराची एक खोड होती. हल्लीच्या बाकी साऱ्या मोटरसायकलींना गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी असतो. पाखराला उलटं. धाकटीच्या पहिल्या मालकाने कधी काळी तसं बसवलं आणि नंतरच्यांनी अभिमानापोटी बदललं नाही. गिअर खालून उचलून उचलून तात्याचा उजवा बूट नेहमी चवड्यावर फाटायचा. "एका पायाचा बूट विकता आला असता ना," बुटांचा दुकानदार म्हणायचा, "तर पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच."

नोटिशीच्या शेवटी एक ओळ होती. चाचणीचालकांना थोरलीच्या गाड्यांवर जाता येईल, पण सहा आठवड्यांनी परीक्षा होईल. अर्धा तास गाडी चालवायची, पायाची एकही चूक चालणार नाही. जो चुकेल त्याने निवृत्ती घ्यायची.

तात्याच्या नोकरीची साडेतीन वर्षं उरली होती. लेकीच्या शिक्षणाची दोन.

"मी नाही देणार परीक्षा," वकील म्हणाला. "एकतीस वर्षं एक पाय शिकला. आता दुसऱ्याला शाळेत घालू?"

"तुझं ठीक आहे. तुझी दोन्ही पोरं कमावती आहेत."

"म्हणून नाही रे. तुला जमणार नाही म्हणून सांगतोय. जित्याची खोड आहे ती."

पहिल्याच दिवशी वकिलाचं म्हणणं खरं ठरायला आलं. तात्याने थोरलीची नवी गाडी घेतली, तिसऱ्या गिअरपर्यंत नीट गेला, वळण आलं आणि ब्रेक मारायला त्याने डावा पाय दाबला. तिथे गिअर होता. गाडी किंचाळली, थांबली मात्र नाही, आणि कडेला रचलेल्या टायरांत जाऊन शिरली. तात्या उठला, कोपर झटकलं. शिकवायला थोरलीकडून एक बाई आली होती, तिशीतली. ती धावत आली नाही, चालत आली.

"लागलं?"

"नाही."

"घरी कशावर जाता?"

"पाखरावर. माझं आहे एक."

"ते बंद करा," बाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ पाय तिकडचं शिकणार आणि दिवसभर मी इकडचं शिकवणार. असं नाही होत, काका. परीक्षेपर्यंत बसने या."

"चालवायला एकच तर येतं मला."

"तेच विसरायचंय."

तात्याने पाखरावर जुनी चादर टाकली आणि बसने जायला लागला. बसमध्ये उभ्या उभ्या तो डावा चवडा उचलायचा, दाबायचा. जेवताना टेबलाखाली तेच.

"अहो, टेबल हलतंय," बायको म्हणाली.

"तिसरा टाकतोय."

"मग आमटी सांडायच्या आत चौथा टाका आणि थांबा."

लेकीने उपाय काढला. डाव्या बुटात तिने लहानसा खडा ठेवला. "टोचला की आठवेल, बाबा." खडा दिवसभर टोचायचा आणि पाऊल संध्याकाळी सुजायचं, पण पहिल्यांदाच तात्याला आपल्याला डावा पाय आहे हे कळत होतं. तोवर तो ब्रेकपुरता नुसता सोबतीला असल्यासारखा होता.

मनाला एखादी गोष्ट पटवता येते. पायाशी बोलायचं कसं? तात्या थकायचा तो या न बोलता येण्याने. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला पाच चुका होत्या, चौथ्यात तीन. मग पुन्हा सहा झाल्या आणि तो टायरांवर बसून राहिला. बाई शेजारी बसली.

"तुम्ही पाखरू चालवलंय कधी?" त्याने विचारलं.

"वडिलांचं होतं. मला हात लावू द्यायचे नाहीत."

"का?"

"म्हणायचे, यावर शिकलीस तर दुसरी कुठली येणार नाही."

तात्या हसला. त्या आठवड्यातलं हसू तेवढंच.

परीक्षेच्या दिवशी त्याने खडा काढून टाकला. अर्धा तास कसा गेला ते त्याला सांगता आलं नसतं. उतरल्यावर बाईने कागद दाखवला. चुकांच्या रकान्यात शून्य होतं. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "मग आता टेबल हलणार नाही म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून तो थोरलीच्या गाड्यांवर गेला. वाटोळा रस्ता तोच होता. घरच्या पाखरावरची चादर मात्र त्याने काढली नाही. बाईने परीक्षेपर्यंतच म्हटलं होतं, पण बसची सवय झाली होती, असं तो स्वतःला सांगायचा.

शेवटचं पाखरू एका गुरुवारी दुपारी उतरलं. व्यवस्थापकांना फोटो हवा होता. सर्वांत जुन्या चाचणीचालकाने ते शेडमधून रवानगीच्या फाटकापर्यंत न्यायचं, दोन्ही बाजूंना कामगार उभे. निवृत्त झालेल्यांनाही बोलावलं होतं. वकील इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा होता.

तात्या बसला. इंजिनाचा आवाज ओळखीचा होता, इतका की त्याला काही आठवावं लागलं नाही. इथेच तो फसला. पहिला गिअर त्याने उजव्या पायाने, लक्ष देऊन टाकला. गाडी पुढे निघाली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि दुसऱ्या गिअरसाठी डावा पाय आपोआप दाबला गेला. तिथे ब्रेक होता. गाडी जागच्या जागी अडकली आणि बंद पडली.

टाळ्या वाढल्या. लोकांना वाटलं, तात्याला भरून आलं. त्याने पुन्हा सुरू केली. सहा-सात हातांवर पुन्हा तेच झालं. या वेळी टाळ्या कमी झाल्या. बाईने मान खाली घातली.

वकील जवळ आला आणि हँडलला हात लावून हळूच म्हणाला, "काय झालं?"

"पाय विसरला."

वकिलाच्या ओठांवर काहीतरी टोमणा आला होता. तो त्याने गिळला. "उतर," तो म्हणाला. "दे इकडे."

वकिलाने पाखरू नेलं, एका दमात, फाटकापर्यंत. फोटोत तोच आला, पोट आत घेतलेला. वर्तमानपत्रात त्याचं नाव चुकीचं छापलं, त्यावर तो पुढे कित्येक दिवस वाद घालत राहिला.

तात्या फाटकापर्यंत गेला नाही. शेडच्या पलीकडे थोरलीच्या सात गाड्या सकाळपासून चाचणीसाठी उभ्या होत्या. त्याने पहिली घेतली आणि रस्त्याला लागला. वळण आलं, गेलं. चौथ्या गिअरपर्यंत त्याला पायाची आठवणही झाली नाही.