मान वळायची जागा

कळमन्याच्या मंडीत संत्र्यांचा टेम्पो चालवणाऱ्या ओमप्रकाश मेश्रामची पोरगी पायल कोरियन गाण्यांवर नाचते, हे कळल्यावर मोहल्ला आधी पोट धरून हसला. मग तिचं रॅप ऐकून गप्प बसला. त्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण जीभ अशी चालायची की ऐकणाऱ्याला दम लागावा.

सात पोरींचा ग्रुप होता. कोरियन बँडचा नाच हुबेहूब करायचा आणि बँडमधली एकेक जण आपसांत वाटून घ्यायची, असा त्यांचा रिवाज. तिचे बोल, तिची जागा, तिचं डोळा मिचकावणंसुद्धा आपलं. यातली रॅपर होती मिनल. गेल्या वर्षी डेंग्यूचं निमित्त झालं आणि मिनल गेली. ग्रुपने तिची जागा पायलला दिली, आणि मिनलच्या आईने, सिंधूताईंनी, लेकीचा फोन दिला.

फोनमध्ये मिनलचे घरच्या सरावाचे व्हिडिओ होते. मूळ बँडच्या व्हिडिओत कॅमेरा एका जागी ठरतच नाही. इथे मिनल एकटी, समोर, स्पष्ट. पायल फोनचा आवाज बंद करायची, गाणं स्पीकरवर मोठ्याने लावायची आणि मिनल करेल तसं करायची.

पहिले कार्यक्रम दणक्यात झाले. लोक म्हणाले, मिनलच परत आली. पायलला आधी ते गोड वाटलं, मग भीती वाटू लागली. केस विंचरतानाही तिची मान कधी कधी आपोआप डावीकडे वळायची, कोणी बोलावल्यासारखी.

मोठ्या स्पर्धेआधी ग्रुपची लीडर उत्तरा मूळ नाचाशी सगळ्यांच्या स्टेप ताडून पाहत होती.

"रॅपच्या मध्येच तू डावीकडे काहून पाहून राहिली वं? त्या कोरियन पोरीची मान तर सरळ हाय."

"मिनल पाहायची."

"मंग मिनल चुकत होती. गुण कटतील. सोड ते, नाही तर तुह्या जागी दुसरी उभी करीन."

मिनल तिथे डावीकडे का पाहायची, ते विचारायला भर दुपारी पायल फोन घेऊन सिंधूताईंकडे गेली. त्यांनी व्हिडिओचा आवाज वाढवला. मिनल नाचत होती. ती जागा आली आणि व्हिडिओतल्या स्वयंपाकघरातून सिंधूताईंचाच आवाज आला, "मिनल, चहा झाला वं!" मिनलने डावीकडे पाहिलं.

पायलच्या अंगावर सरसरून काटा आला. वर्षभर ती दुसरीच्या आईच्या हाकेला ओ देत होती.

"तू नको पाहू आता," डोळे पुसत सिंधूताई म्हणाल्या. "तुहा नाच तू नाच."

स्पर्धेला त्या पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर चहाचा थर्मास. रॅप सुरू झालं. ती जागा आली. आणि डावीकडच्या विंगेतून, त्या सगळ्या दणदणाटातही स्वच्छ ऐकू आलं, "मिनल, चहा झाला वं!"

पायलच्या मानेची शीर न् शीर ताणली गेली. तिने मान सरळ ठेवली. समोर सिंधूताईंचे ओठ मिटलेले होते.

बक्षीस काही मिळालं नाही. का, ते स्पर्धेच्या व्हिडिओत दिसलं. पायल सरळ बघत होती आणि मागच्या सहाही जणी डावीकडे.

"कोणीतरी हाक मारली ना," उत्तरा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पायलच्या जागेबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही.

सगळ्या पांगल्यावर सिंधूताई पायलजवळ आल्या. "मी आवाज नाही केला वं. मनातच म्हटलं. राहवलं नाही मले. तुले आली का ऐकू?"

"आली, काकू. पण ती हाक मिनलले होती."

सिंधूताईंनी थर्मास छातीशी धरला. आपण त्यांची लेक पुन्हा एकदा हिरावली, असं वाटून पायलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याकडे पाठ करून ती बुटांच्या नाड्या सोडू लागली.

मागे थर्मासचं झाकण उघडलं.

"पायल, चहा घे वं."

आणि पायलची मान डावीकडे वळली.