बोकडाचं गोणपाट

कात्री माझ्याच पिशवीतली होती. बोकडाच्या पोटाखाली बांधलेलं गोणपाट मी दोन झटक्यांत कापलं आणि जमलेल्या पाच-सहा जणांकडे गड जिंकल्यासारखं पाहिलं.

पोलादपूरच्या वर दीड-दोन तास चढून गेलं की ही धनगरवाडी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, महिना माघ. मी गुरांचा डॉक्टर, नोकरीचं दुसरं वर्ष, माणूस घाटावरचा. बोकड सरकारी. जात सुधारावी म्हणून योजनेतून बायजाबाईला दिलेला. तिच्या नऊ शेळ्या समोर चरत होत्या आणि हा गडी पोटाला गोणपाट बांधून स्वस्थ रवंथ करत बसला होता. गोणपाट असलं की बोकड शेळीवर चढला तरी ती गाभण राहत नाही. त्या गोणपाटाचा उपयोग तेवढाच.

"मावशी, हा काय प्रकार?"

"संक्रांतीला बांधायचा, वैशाखात अखितीला सोडायचा. आमच्यात असंच हाय, सायेब. आता गाभण ऱ्हायल्या तर आखाडात वितील. पावसात पिल्लू टिकत नाय."

शेळी पाच महिन्यांनी विते हे मलाही माहीत होतं. पण ट्रेनिंगमधलं एक वाक्य त्याहून पक्कं डोक्यात बसलेलं: दोन वर्षांत तीन वेतं. वेत म्हणजे एक बाळंतपण. माझ्या वरच्या साहेबांचं टार्गेटही तेच होतं.

"जुन्या समजुती सोडा आता. पावसात आजारी पडली तर मी आहे ना!"

"याल ना वर?"

"येणार म्हणजे येणार."

कापलेलं गोणपाट उचलून तिने घडी घातली.

आषाढात सात शेळ्या व्याल्या, अकरा पिल्लं झाली. मी लगेच साहेबांना फोनवर आकडा कळवला. शाबासकी मिळाली. मग पावसाने जोर धरला तो सुटेचना.

दहा दिवसांनी बायजाबाईचा नवरा, कोंडीबा, दवाखान्याच्या दारात उभा. डोक्यावरच्या घोंगडीतून पाणी निथळत होतं.

"पिल्लं खोकतायत. अंग गार पडलंय. चार गेली. तिनं बोलावलंय तुमाला."

"ओढ्याला पाणी किती?"

"कमरंएवढं हाय. मी धरीन की तुमचा हात."

मी औषधाची बाटली दिली, गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते सांगितलं. पाणी उतरलं की येतो म्हणालो. कोंडीबा साठीचा. तो उतरून आला होता आणि तोच पुन्हा चढून जाणार होता, म्हणजे वाट होती. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

वर गेलो तेव्हा नारळी पौर्णिमा उलटली होती. दोन पिल्लं उरली होती, चुलीजवळ, त्याच गोणपाटात गुंडाळलेली. बायजाबाईने आधी चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाली दवाखान्यात परतून आकडा कळवला, तसा साहेबांचा फोन आला. "अकरात नऊ मरतूक? कारण लिहा."

"काय लिहू?"

"अहो, नेहमीचं लिहा."

मी लिहिलं: पशुपालकाचे निष्काळजी व्यवस्थापन. पुढच्या खेपेला त्या कागदावर बायजाबाईचा अंगठा घेतला.

"कसला कागद?" तिने विचारलं.

"पिल्लांचा," मी म्हणालो. तिने आणखी काही न विचारता अंगठा उठवला. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते, मेलेल्या पिल्लांपेक्षाही जास्त.

पुढच्या संक्रांतीच्या तोंडावर मी महाडच्या बाजारातून कॅनव्हास घेतलं, शिंप्याकडून त्याला बंद लावून घेतले आणि वाडीवर गेलो. बायजाबाईने त्यावरून हात फिरवला.

"लय जड हाय ओ. चालंल कसा तो?" म्हणत तिने जुनंच गोणपाट शिवून बोकडाला बांधलं. "पन ऱ्हाऊ द्या. आणलंय तुमी एवढं."

त्यानंतर बोकडाला काहीही बांधलेलं दिसलं की मी आधी विचारायचो, कधी सोडता? कात्री पिशवीतच राहायची. एवढं शिकलो.

रिटायर होईपर्यंत त्या कागदाची फाइल दोनदा माझ्या टेबलावर आली. दोन्ही वेळा मी ते वाक्य वाचलं, आणि फाइल पुढे सरकवली. निष्काळजी म्हणून कागदावर अजून तिचाच अंगठा आहे.