मामाने हॉल भरला

आमच्या शहरात एका तळघरात क्लब आहे. तिथे रोज रात्री बँड वाजतो आणि माझा मामा आवाजाची बटणं सांभाळतो. टाळ्या बँडवाल्यांना. मामाची आठवण फक्त माइक किंचाळला की होते. मग सगळे माना वळवून असं बघतात, जसा काही यानेच माइकला चिमटा काढलाय. मामा ऐकून घेतो. घरीही ऐकूनच घेतो. त्याला बावळट म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

तर वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली. आता पालिकेचे साहेब आवाज मोजायचं मशीन घेऊन येणार, काटा लाल रेषेवर गेला की बँड कायमचा बंद. मग मालक तिथे नुसती खानावळ चालवणार, आणि मामाला तर चहासुद्धा धड जमत नाही.

साहेब येणार दुपारी. तिथेच गोची. रिकामा हॉल म्हणजे रिकामा हंडा, टिचकी मारली तरी घुमतो. माणसं भरली की अंगं आवाज पितात. पण भर दुपारी गिऱ्हाईक कुठलं?

"आपली माणसं आहेत की," मामा म्हणाला.

आली. मोठी मावशी, काका, मामाचा साडू, मामीचं अख्खं माहेर.

"ताई, नुसतं बसायचं हं," मामा म्हणाला.

"मग काय नाचायला आलेय?" मावशी म्हणाली.

मी फोन घेऊन वर आजोबांच्या खोलीत, साहेबांशेजारी. खाली बँड सुरू झाला. काटा लाल रेषेच्या पार.

"बघा," आजोबा खूश.

साहेब म्हणाले, "थांबवायला सांगा जरा." बँड थांबला. काटा तिथेच. फरशीतून मावशीचा आवाज स्वच्छ येत होता, "आणि सून काय म्हणाली माहितेय?"

मी फोनवर म्हटलं, "मामा, बँड नाही रे. मावशी आहे."

एकट्या मावशीला ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही, आणि सगळ्यांना बाहेर काढावं तर हॉल घुमणार. ठेवावं तर ही बोलणार. मग जन्मात आवाज न चढवलेल्या माझ्या मामाने माइक हातात घेतला.

"ताई, गप्प बस."

आजोबांची खिडकी थरथरली. काटा शेवटाला जाऊन आपटला.

"हे मोजायचं का?" साहेबांनी विचारलं.

"नको, हे घरगुती आहे," मी म्हणाले.

पुन्हा बँड वाजला. खाली सगळे तोंडात बोळा कोंबल्यासारखे. काटा रेषेच्या खाली, आणि शेवटपर्यंत खालीच. साहेबांनी परवानगी कायम ठेवली. आजोबा मला हळूच म्हणाले, "ते सुनेचं काय झालं पुढे?"

मावशीने मामाशी बोलणं टाकलंय. ती रोज मामीला फोन करून तासभर तेच सांगते.