ताट्यांमागची पूड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. यवतमाळच्या आमच्या कॉलेजातून पुंडलिकला काढलं ते माझ्या तीन शब्दांवर.

साठ सालानंतरचा एक मे महिना. मी तिथे केमिस्ट्री शिकवायचो. नीओडिमियम नावाच्या दुर्मिळ धातूचं ऑक्साइड नवसागराबरोबर भट्टीत तापवून मी ऑक्सिक्लोराइड केलं होतं. एकाच स्फटिकात धातू, ऑक्सिजन आणि क्लोरीन, थरावर थर. ते थर खरंच तसे बसलेत का, हे नागपूरच्या एक्स-रे फोटोवरून कळणार होतं. दोन दिवसांनी सकाळी खिडकीपाशी पाहिली, तेव्हा पूड फिकट जांभळी होती. अर्धी नागपूरला पाठवली, अर्धी बाटलीत ठेवली.

दुपारी जेवून आलो. उन्हासाठी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. आत अंधार, म्हणून वर नवी ट्यूबलाइट लावलेली. ताट्यांतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. बाटलीचं बूच घट्ट. आतली पूड हिरवट निळी, मेलेल्या माणसाच्या नखांसारखी.

ताट्या भिजवायचं काम अटेंडंट पुंडलिकचं. त्याला विचारलं.

"हात नाई लावला सर. काल बी दुपारी असंच झालतं. सांजेले ताट्या काढल्या, तं पुन्हा जांभळं. मले तं भेवच वाटलं."

भुताच्या गोष्टी गावात सांग, म्हणालो. तेवढ्यात विभागाचे हेड आले. मधल्या वेळात खोलीत कोण होतं, त्यांनी विचारलं.

"चावी पुंडलिकजवळ होती," मी म्हणालो.

माल बिघडवल्याचा ठपका त्याच्यावर आला. नोकरी टेंपररी, लगेच गेली. दुसऱ्या दिवशी त्याने चावी माझ्या हातात दिली. "सर, एक डाव ताट्या काढून पाहा ना."

मी पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी फोटो आला. सगळ्या रेषा जागच्या जागी, माल शुद्ध. मग बाटलीतली पूड कशाने बिघडली? भर दुपारी, रिकाम्या लॅबमध्ये, मी एकट्याने ताटी काढली. जांभळी. लावली. हिरवट. किती वेळा केलं, आठवत नाही.

कारण साधं आहे. हा धातू प्रकाशातले मोजकेच रंग शोषतो, आणि ट्यूबलाइटचा उजेड उन्हासारखा नसतो. पण मी दिव्याआधी माणूस तपासला. पुंडलिकचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. त्याच्या जागी माझ्या नात्यागोत्यातला कोणी असता, तर आधी दिवाच पाहिला असता. हेडना सांगितलं असतं तर माझं हसं झालं असतं, आणि माझं कन्फर्मेशन तोंडावर होतं. गप्प राहिलो.

पुढे माझा रिसर्च पेपर छापून आला. त्यात ओळ आहे: दिव्याच्या प्रकाशात रंग बदलतो, असे लेखकास आढळले.

लेखकाला काही आढळलं नव्हतं. आढळलं होतं पुंडलिकला. हे कॉलेजला लेखी कळवणं आणि दिग्रसला त्याच्या दारात जाऊन सांगणं, दोन्ही माझ्याकडून अजून राहिलं आहे.