पर्शियन की अंगोरा

वणीच्या जिनिंग फॅक्टरीत माझे बा फिटर होते. आमची खोली फॅक्टरीच्या आवारातच, सरकीच्या गोदामाला लागून. त्यामुळे उंदीर आमच्याकडे घरच्यासारखे वावरत. मी पाचवीत गेले त्या वर्षी त्यांनी माझं भूगोलाचं पुस्तक निम्मं कुरतडलं. आमच्या घरात पुस्तकं आली ती माझ्यापासूनच. बांनी तो चोथा हातात घेतला, खाली बसले आणि कपटे जुळवू लागले. मग म्हणाले, "मांजर पाह्यजे."

मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर दोन मांजरं होती. माय तिथं धुणीभांडी करायची आणि मांजरांचे केसही तीच विंचरायची. साहेबांची बदली नागपूरला ठरली, तेव्हा बाई मायला म्हणाल्या, "तिथं दोघांना जागा नाही. एक तुम्ही ठेवा. चार दिवस दोन्ही घेऊन जा, जे रमेल ते ठेवून घ्या."

माय दोन टोपल्या घेऊन आली. एकीत पांढरी शुभ्र पर्शियन मांजरी. चपटं नाक, मधासारखे डोळे, अंगावर केस इतके की पाय कुठं आहेत ते शोधावं लागे. दुसरीत अंगोरा बोका, सडपातळ, काळाभोर, शेपटी मोराच्या पिसाऱ्यासारखी. मी पांढरीला मांडीवर घेतलं आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

शेजारची मावशी दारातूनच ओरडली, "काळं मांजर? काय करून राह्यली वं बाई! सकाळी उठून त्याचं तोंड पाहाशीन?"

बा हसले. "मावशी, दीक्षा घेतली तवाच शकुन-अपशकुनाचं गाठोडं सोडून आलो आमी."

"मंग पांढरी तरी काहून आणली?"

"पोरीले आवडली म्हनून!"

पांढरी जिथं ठेवावी तिथंच बसून राही. तिच्यासमोरून एक उंदीर आरामात चालत गेला, तेव्हा तिनं फक्त मान वळवून त्याला जाऊ दिलं. बोक्यानं मात्र पहिल्याच दुपारी दोन मारले आणि मायच्या पायाशी आणून ठेवले. पांढरीच्या ताटलीतलं दूधही त्यानंच संपवलं. "हा कामाचा हाय," माय म्हणाली. मी तोंड फिरवून बसले.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पांढरी घरात नव्हती. खाटेखाली, मोरीत, गोदामात, कुठंच नव्हती. मी आवारात धावले. गाड्यांमधून उतरवलेल्या कापसाची मोठी गंजी तिथं पडलेली, आणि बाया टोपलीनं कापूस उचलून आत मशीनवर नेत होत्या. मी मशीनपाशी उभ्या बांना हाक मारली.

"बा! ते कापसात असंन! पांढरी हाय ना ते!"

बांनी एकदा माझ्याकडं, एकदा गंजीकडं पाहिलं आणि धावत जाऊन मशीनचा पट्टा बंद केला. फॅक्टरी एकदम गप्प झाली. साहेब ऑफिसातून तणतणत बाहेर आले. "किसने बंद किया?"

"मी केलं साहेब. बाईसाहेबाईची मांजर कापसात हाय."

साहेब स्वतःच गंजीकडं वळले. मग सगळ्याच बाया गंजीत हात घालू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "सापडली!" तर तो नुसता कापूस. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं मूठभर कापूस उचलला आणि तिथंच मधासारखे दोन डोळे उघडले. मांजरी झोपली होती. तिनं जांभई दिली. आधी ती म्हातारी हसली, मग सगळ्या जणी, आणि शेवटी साहेबही.

मी तिला घट्ट धरून घरी आणलं. तिच्या केसांत इतका कापूस अडकला होता की माय आणि मी दिवेलागणीपर्यंत वेचत बसलो. वेचता वेचता माय हळूच म्हणाली, "पोरी, हे इथं जगंन का? रोज कोन पाहीन हिच्याकडं?"

मला उत्तर माहीत होतं. तरी मी रात्री जेवले नाही.

पांढरी नागपूरला गेली. टोपलीत मीच ठेवलं तिला. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तिकडं हिला गच्चीवर ऊन मिळेल." आठवडाभर मी बोक्याशी बोलले नाही. तो मात्र रोज माझ्या उघड्या पुस्तकावर येऊन बसायचा. त्याला उठवावं लागे, आणि उठवायचं म्हणजे बोलावं लागे. असं आमचं जमलं.

मग उन्हाळा आला. वणीचं ऊन आणि अंगावर वीतभर केस! बोका माठाच्या ओल्या तिवईखाली जीभ काढून पडे. बांना ते पाहवेना. त्यांनी शिलाईची कात्री घेतली, मी पुढचे पाय धरले, मायनं मागचे. काम झालं तेव्हा मोठं डोकं, झुबकेदार शेपटी आणि मधे वाळक्या काडीसारखं अंग उरलं. माय पदर तोंडाला लावून हसत सुटली. बोक्यानं आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि तीन दिवस खाटेखालून बाहेर आला नाही. मी वाटी आत सरकवायची आणि तो बाहेर ढकलायचा. चौथ्या दिवशी तो दूध प्यायला, पण बांकडं पाठ करून.